१० मीटरची लाँग लाइन: पट्टी झकास, हूक टुकार

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. लाँग लाइन म्हणजे कुत्र्याला शिकवताना लावायचा लांबलचक पट्टा. माझ्या लाइनची पट्टी चांगली आहे, हूक टुकार आहे. आणि आजूबाजूला दुसरी कुत्री असतानाही तरण्या कुत्र्याने हाकेला वळावं असं वाटत असेल, तर या वस्तूवाचून तुमचं पान हलणार नाही. हूक बदला नि वापरा. ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी आता सविस्तर.

आमची भुरी मिश्र जातीची, वजनाने पंचवीस किलोच्या आसपास, अजून वर्षाची व्हायची आहे. घरात तिच्याइतकं शहाणं कुणी नाही. बस म्हटलं की बसते, थांब म्हटलं की वाडग्यापुढेही थांबते. मैदानात दुसरं कुत्रं दिसलं की मात्र माझी नि तिची ओळखदेख संपते. भांडखोर नाही बरं का. उलट जगातलं प्रत्येक कुत्रं आपल्याशी खेळायलाच जन्माला आलंय अशी तिची पक्की समजूत आहे. असल्या कुत्र्याला मोकळं सोडायची सोय नसते आणि दीड-दोन मीटरच्या पट्ट्यावर त्याला काही शिकवता येत नाही, कारण तेवढ्या अंतरात ते तुमच्याजवळच असतं. 'ये' म्हणायला अंतरच उरत नाही. ही अडचण लाँग लाइन सोडवते.

मी डोंगराचे कडे चढते. सुट्ट्या दोराला लटकण्यात जातात, त्यामुळे दोर, हूक आणि गाठी या विषयात माझा स्वभाव जरा किचकट आहे. पुढचं त्या हिशेबाने वाचा.

वस्तू अशी: विणलेल्या पॉलिएस्टरच्या पट्टीवर सगळीकडून प्लॅस्टिकचा लेप, रुंदी १३ मिलिमीटर, लांबी १० मीटर, एका टोकाला हूक, दुसऱ्या टोकाला हातात धरायचा लूप. असल्या पट्टीला सगळे सरसकट बायोथेन म्हणतात. ते खरं तर एका ब्रँडचं नाव. माझ्या पट्टीवर कुणाचाच शिक्का नाही, पण जात तीच.

याआधी आमच्याकडे नायलॉनची चपटी पट्टी होती. नायलॉन हलकं नि मजबूत, त्याबद्दल वाद नाही. पण ते पाणी धरून ठेवतं, गवतातली कुसळं गोळा करून घरी आणतं, आणि हातातून सरसर गेलं की तळहात भाजतो. भाजतो म्हणजे फोड येतात. सुती दोरी हाताला सगळ्यात मऊ, पण भिजली की तिचं ओझं होतं आणि ओलीच गुंडाळून ठेवली तर तिला कुबट वास मारतो. लेपाच्या पट्टीचं असं काही नाही. चिखलातून फरफटली, बादलीत बुचकळली, फडक्याने पुसली, संपलं. झुडपात गेली तरी अंगचा ताठपणा असल्यामुळे ती फांद्यांना वेढे घालत नाही, ओढली की सुटून येते. घेताना चकचकीत लेपाची घेऊ नका, ओल्या हातातून निसटते. मॅट, जराशी चामड्याच्या स्पर्शाची मिळते, ती घ्या. रंगही भडक घ्या. तपकिरी पट्टी दिसायला झोकदार असते, पण गवतात दिसत नाही आणि मग ती तुमच्याच पायात येते. माझी भगभगीत केशरी आहे. भुरीला त्याचं काही नाही, समोरून येणाऱ्यांना मात्र लांबूनच कळतं की इथे काहीतरी लांबलचक पसरलेलं आहे.

आता त्या १० मीटरबद्दल. हा आकडा ऐकायला निरुपद्रवी वाटतो. पण जरा हिशेब करा. भुरी जीव खाऊन पळाली की सेकंदाला आठेक मीटर सहज जाते. २५ किलो वजन आणि सेकंदाला ८ मीटर वेग, म्हणजे गतिज ऊर्जा भरते ८०० जूल. ८० किलोचा माणूस मीटरभर खाली पडून दोराला लटकला की दोराला साधारण तेवढीच ऊर्जा झेलावी लागते. चढाईचा दोर मुद्दाम ताणला जाईल असा विणलेला असतो, तो हिसका पिऊन टाकतो, म्हणून माणूस धड राहतो. ही पट्टी जवळजवळ ताणतच नाही. तिच्या टोकाला कुत्र्याची मान बांधलेली असेल तर काय होईल, हे मी वेगळं सांगायला नको.

म्हणून लाँग लाइन गळपट्ट्याला कधीच नाही. तोंडावरून बांधायच्या हॉल्टरला तर त्याहून नाही. छातीवर इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात बसणारा, खांदे मोकळे ठेवणारा हार्नेस घ्यायचा आणि हूक पाठीवरच्या कडीला लावायचा. पुढच्या, छातीवरच्या कडीला लावला तर पट्टी पुढच्या पायांत जाते आणि हिसका बसताच कुत्रं गर्रकन फिरतं. या लाइनबरोबर आलेल्या कागदावर हार्नेसचा एक शब्दही नाही. काळजीने धुवा एवढं मात्र चार भाषांत लिहिलंय.

हातातला लूप मी आल्या दिवशीच कापून टाकला. त्याचे दोनच उपयोग: पट्टी जमिनीवरून ओढली जात असताना दगडाला नाहीतर मुळाला अडकणं, आणि माणसाने मनगट त्यात घालून ठेवणं. दुसरं पहिल्यापेक्षा वाईट. पट्टी मनगटाला, तळव्याला, बोटाला कधीही गुंडाळायची नाही. उरलेली पट्टी हातात घेताना गोल वेटोळी करायची नाहीत, कारण कुत्रं पळालं की वेटोळं आवळतं आणि आत बोटं असतात. मागेपुढे घड्या घालत, आडव्या धरायच्या; ओढ बसली की एकेक घडी आपोआप सुटते. टोकापासून तीन मीटरवर मी रंगीत चिकटपट्टी गुंडाळली आहे. ती हाताखालून गेली की नजर कुत्र्यावरून न हलवता कळतं की आता थोडीच उरली. हातमोजे घालायचे, पूर्ण लांबीची पॅंट घालायची. उघड्या पोटरीवरून ही पट्टी वेगात गेली की काय होतं ते नायलॉनच्या उल्लेखात येऊन गेलंच. लेपाची पट्टीसुद्धा पोटरीला दयामाया दाखवत नाही.

आणि कुत्रं सुटलंच तर? पाय रोवून उभं राहायचं नाही. त्याच्या दिशेने चार पावलं धावायचं, पट्टी हातमोज्यातून जाऊ द्यायची नि मूठ हळूहळू आवळायची. चढणाऱ्यांना कळेल, हा सरळसरळ डायनॅमिक बिले आहे, म्हणजे दोर थोडा सरकू देत पडणाऱ्याला हळूहळू थांबवणं. कुत्रं थांबतं, पण आपटत नाही.

एवढा खटाटोप नेमका याच वयात का, हे विचारणाऱ्यांसाठी थोडं विषयांतर. २०२० साली बायॉलॉजी लेटर्स या नियतकालिकात ल्यूसी अ‍ॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा वयात येणाऱ्या कुत्र्यांवरचा अभ्यास आला. कुत्री होती लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रिव्हर आणि त्यांचे संकर, म्हणजे गुणी म्हणून नावाजलेली घराणी. पाच महिन्यांची असताना जी 'बस' म्हटल्यावर बसत होती, तीच आठ महिन्यांची झाल्यावर आपल्या माणसाने सांगितलं तर कमी ऐकू लागली. गंमत पुढे आहे: अनोळखी माणसाने सांगितलं तर तशी घट दिसली नाही. म्हणजे ऐकणं विसरली नव्हती, आपल्या माणसाचं ऐकणं टाळत होती. पालकांच्या प्रश्नावलीतही आठ महिन्यांच्या वयाला सगळ्यात कमी गुण, आणि बारा महिन्यांपर्यंत गाडी पुन्हा रुळावर. घरात कधी तरुण मुलं वाढवलेल्या कुणालाही हे ऐकून नवल वाटणार नाही. माझ्या वडिलांना मी हे वाचून दाखवलं तर ते नुसते माझ्याकडे बघत राहिले.

तर हे वय जाणार आहे. प्रश्न एवढाच की ते जाईपर्यंत कुत्रं काय शिकून बसतं. भुरी माझी हाक कानाआड करून पळाली, त्या कुत्र्यापर्यंत पोचली आणि दोघांनी मनसोक्त धुमाकूळ घातला, तर तिला न ऐकण्याचा मोबदला मिळाला. माझ्या खिशातलं कुठलंही खाणं त्या मोबदल्याच्या जवळपास जात नाही. शिवाय कधीतरीच मिळणारा मोबदला सवय सगळ्यात चिवट करतो, त्यामुळे 'आठवड्यातून एखादवेळेस निसटते, चालायचंच' हे धोरण सगळ्यात महाग पडतं. लाइन हा मोबदला बंद करते. तिचं काम एवढंच. ती कुत्र्याला शिकवत नाही, ओढून आणत नाही. तिने काही शिकवावं अशी अपेक्षा ठेवून जे घेतात ते आठवडाभरात ती खुंटीला टांगतात, आणि मग रिव्ह्यूमध्ये एक तारा देतात.

शिकवायचं काम अंतर करतं. कसं, ते आमच्या सरावातून सांगते.

माझ्या मैत्रिणीचा शंभू म्हणून एक वयस्कर कुत्रा आहे. धीरगंभीर, इतर कुत्र्यांत शून्य रस. असा सवंगडी मिळाला तर त्याला जपा. मैत्रीण त्याला मैदानाच्या एका टोकाला घेऊन उभी राहते, आम्ही दुसऱ्या टोकाकडून येतो. जिथे भुरीला तो दिसतो पण ती अजून माझ्या हातचं खाते, तिथे थांबायचं. आता मी काहीही बोलत नाही. तिचे कान पुढे जातात, उघडं तोंड मिटतं, वजन पुढच्या पायांवर येतं, शेपटी वर जाऊन ताठ होते. या अवस्थेत हाक मारणं म्हणजे हाक वाया घालवणं. मी नुसती उभी असते आणि पट्टीला पोट आहे ना, म्हणजे ती मध्ये सैल लोंबते आहे ना, एवढं बघते. पट्टीला पोट असलंच पाहिजे. ती ताणलेली असली की कुत्र्याची छाती पुढे निघते, डोकं वर जातं, आणि समोरच्या कुत्र्याला ते दांडगाईने चाल करून आल्यासारखं दिसतं. शिवाय ओढ जाणवली की तेही उलट ओढतं. मग कधीतरी तिचा एक कान माझ्या बाजूला वळतो. फक्त एक कान. डोकं अजून तिकडेच. त्या कानाला मी 'शाब्बास' म्हणते आणि खाऊ माझ्या पायाशी टाकते. ती वळते, खाते, परत शंभूकडे बघते. पुन्हा कान. पुन्हा शाब्बास. काही वेळाने ती जमीन हुंगायला लागते, तोंड उघडतं, शेपटी खाली येते. आता नाव घेऊन एकदाच 'ये'. एकदाच. आली की खाऊची लयलूट. एक तुकडा नाही, एकामागून एक चार-पाच, आणि त्या दरम्यान हार्नेसला हात लावायचा, म्हणजे पकडणं आणि खाणं यांची तिच्या डोक्यात गाठ बसते.

नाही आली तर? ओढायचं नाही, दुसरी हाकही नाही. तिरकं चालत अंतर वाढवायचं. चूक अंतराची असते.

खाऊ हे आणखी एक मापक आहे आणि त्याकडे फारच थोडे लोक लक्ष देतात. एरवी ओठांनी अलगद घेणारी भुरी दात लावून खाऊ हिसकायला लागली, तर आम्ही जास्त जवळ आलोय. तोंडात घेऊन टाकून दिला, तर फारच जवळ. वाऱ्याकडेही बघायचं. शंभूकडून आमच्याकडे वारा वाहत असेल तर त्याच अंतरावर काम दुप्पट कठीण होतं, कारण त्याचा वास थेट तिच्या नाकात येत असतो. आम्ही सुरुवात कायम वारा पाठीशी घेऊन करतो.

उभा असलेला शंभू जमला म्हणून चालणारा शंभू जमत नाही. चालणारा जमला तरी पळणारा हा वेगळा पेपर, आणि आपसात खेळणारी दोन कुत्री हा तर सगळ्यात अवघड. प्रत्येक वेळी अंतर पुन्हा वाढवून सुरुवात. चालण्याच्या सरावात आम्ही दोघी आपापली कुत्री घेऊन एकाच दिशेने, मध्ये भरपूर जागा सोडून समांतर चालतो, आणि जागा हळूहळू कमी करतो. समोरासमोर चालत येणं सगळ्यात शेवटी. कुत्र्यांच्या शिष्टाचारात थेट तोंडावर चालून जाणं उद्धटपणाच आहे. मोकळी असली की ती एकमेकांकडे वळसा घेऊन जातात. या वळशासाठी १० मीटर पुरेपूर उपयोगी पडतात. ५ मीटरची लाइन मी उसनी घेऊन पाहिली, तीत वळसा बसत नाही.

आणि मग भेटू द्यायचं की नाही? इथे प्रीमॅक कामी येतात. डेव्हिड प्रीमॅक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली मांडलेलं तत्त्व असं की जे वागणं आपसूक जास्त घडतं, ते कमी घडणाऱ्या वागण्याचं बक्षीस होऊ शकतं. भुरीला शंभूकडे जायचंय? उत्तम. मी बोलावल्यावर आली की 'जा, भेट'. म्हणजे शंभू माझा प्रतिस्पर्धी न राहता माझ्याच खिशातला खाऊ झाला. ती जाते, हुंगते, तीनेक सेकंदांत मी परत बोलावते, आली की खाऊ आणि पुन्हा 'जा, भेट'. हे 'पुन्हा' लोक गाळतात. हाक म्हणजे मजा संपली, असं कुत्र्याला एकदा कळलं की ते ऐकू आल्याचं दाखवायचंच बंद करतं. कुत्री हिशेबाला पक्की असतात. दहा हाकांतल्या आठ-नऊ हाकांनंतर मजा पुढे चालू राहिली पाहिजे, तरच शेवटच्या हाकेला मान मिळतो.

सगळ्या कुत्र्यांना भेटवायचं मात्र नाही. बहुतेक कुत्र्यांना आम्ही लांबून बघतो नि पुढे जातो. पिल्लू असताना दिसेल त्या कुत्र्याला भेटवलं की मोठेपणी ते प्रत्येक कुत्र्यावर आपला हक्कच समजतं आणि भेटू दिलं नाही तर पट्ट्यावर आकांडतांडव करतं.

दोन कुत्री खरोखर खेळायला लागली तर ही लाइन धोक्याची आहे, हे ठळक अक्षरात छापायला हवं होतं. खेळात ती पायांना वेढे घालते, नि एकाने धूम ठोकली की दुसऱ्याचा पाय आवळला जातो. कुंपण असलेली जागा असेल तर हूक काढून टाका. नसेल तर भेट तीन सेकंदांचीच ठेवा. दोन लाइनवाली कुत्री एकत्र आणणं तर डोक्यातूनच काढा. ती गुंतवळ सोडवताना दोन माणसं, दोन कुत्री आणि चारही जीव एकाच वेळी उड्या मारताहेत, हे दृश्य मी लांबून पाहिलंय. जवळून पाहायची इच्छा नाही.

आता मैदानावरच्या माणसांबद्दल. लाँग लाइन दिसली की लोकांना उपदेशाची उबळ येते. "ताई, सोडा की तिला, किती बांधून ठेवाल!" हा एक. आणि लांबून धावत येणाऱ्या कुत्र्यामागून येणारा "काही करत नाही हो आमचा, एकदम फ्रेंडली आहे!" हा दुसरा. असं कुत्रं अंगावर येत असेल तर पट्टी भराभर गोळा करायची, आपल्या कुत्र्याला मागे घ्यायचं आणि मूठभर खाऊ येणाऱ्या कुत्र्याच्या नाकासमोर जमिनीवर उधळायचा. ते खायला थांबतं, आपण तेवढ्यात कलटी मारायची. फ्रेंडलीच्या मालकांना नंतर काय बोलायचं ते प्रत्येकाने आपापल्या संस्कारांप्रमाणे ठरवावं.

पर्याय म्हणून लोक डबीत गुंडाळणारा आपोआप मागे येणारा पट्टा सुचवतात. त्यात स्प्रिंगचा ताण सतत असतो, म्हणजे पट्टीला पोट कधीच नाही, आणि ओढलं की लांबी मिळते हे कुत्रं शिकतं. आपल्याला नेमकं उलटं हवंय. विजेचा झटका देणाऱ्या कॉलरवर तर मी वेळ घालवणार नाही. वेल्समध्ये २०१० पासून त्यावर बंदी आहे. दुसरं कुत्रं दिसल्यावर झटका बसला तर आपलं कुत्रं त्याचा दोष त्या दुसऱ्या कुत्र्याला देऊ शकतं. खेळकर कुत्र्याला भांडखोर करायची ती खात्रीची वाट आहे.

तक्रारी. पहिली आणि मोठी हुकाची. ओतीव, हलक्या धातूचा, अंगठ्याने मागे ओढायच्या खिट्टीचा हूक आहे. पट्टी मॅट, जाड, दणकट आणि तिच्या टोकाला हे! खिट्टीत वाळू गेली की ती अर्धवट मागे राहते आणि तोंड उघडंच. भुरीने कुल्ल्यावर बसून अंग खाजवलं तेवढ्यात हार्नेसची कडी त्यातून बाहेर आली होती. नशीब तेव्हा आसपास चिटपाखरू नव्हतं. विक्रेत्याला फोटो पाठवले तर 'हूक स्वच्छ ठेवावा' असं उत्तर आलं. वाळूतच वापरायची वस्तू आहे ही, काचेच्या कपाटात नाही. मी तो कापून स्टेनलेस स्टीलचा, फिरती मान असलेला हूक बसवला. फिरती मान नसेल तर पट्टीला पीळ पडतो आणि पीळ पडलेली पट्टी घड्यांतून नीट सुटत नाही. चढाईचा स्क्रूवाला कॅराबिनर, म्हणजे धातूची जाड उघडझाप कडी, लावायचा मोह मलाही झाला, पण ज्यांचं कुत्रं लहान आहे त्यांनी तो टाळावा, पाठीवर ठोके बसतात.

दुसरी, जोड. हुकाजवळ पट्टी दुमडून दोन रिव्हेट मारलेत. रिव्हेटपेक्षा शिवण बरी, किमान उसवायला लागलेली दिसते तरी. तिसरी तक्रार नाही, स्वभावदोष म्हणा: गारठ्यात ही पट्टी ताठरते आणि ज्या आकारात गुंडाळून ठेवली तोच आकार धरून बसते. सैल, मोठ्या फेऱ्यांत लटकवून ठेवली की त्रास नाही.

रुंदीचं म्हणाल तर लहान कुत्र्याला ९ मिलिमीटर पुरते, २५ किलोपर्यंत १३ ठीक, त्यापुढे दांडग्या जातींना १६ किंवा १९ घ्या. हाताला पकड तरी मिळते. वजन मात्र रुंदीबरोबर वाढतं आणि ते कुत्र्याला जाणवतं.

ते जाणवणं हाच पुढचा प्रश्न. पाठीवर वजन आहे तोवर ऐकायचं आणि हूक निघाला की पसार व्हायचं, हे कुत्र्यांना फार लवकर उमगतं. म्हणून लाइन एकदम काढायची नाही. आधी हातात धरलेली, मग हातातून सोडलेली पण जमिनीवर फरफटणारी (टोकावर पाय ठेवता येईल इतक्या जवळ आपण), मग थोडी थोडी आखूड. याचसाठी मी दुसरी लाइन घेतली, ९ मिलिमीटरची, मुद्दाम कापायला. लेपामुळे कापलेल्या टोकाचे धागे सुटत नाहीत, साधी कात्री पुरते. कापायचा माझा नियम असा: मागच्या वेळी कापल्यापासून भुरीला थांबवण्यासाठी पट्टीवर एकदाही हात किंवा पाय ठेवावा लागला नसेल तरच अर्धा मीटर कमी.

सध्या तिच्या मागे तीन मीटरचं शेपूट असतं. उभी कुत्री, चालती कुत्री, पट्ट्यावर भुंकणारी कुत्री, यांच्यापुढून ती एका हाकेत वळते. एकमेकांच्या अंगावर लोळणारी पिल्लं दिसली की तीन मीटरवालं शेपूट काढून १० मीटरची लाइन लावते, आणि आम्ही परत मैदानाच्या त्या टोकाला.